डिपस्टिकवरची तिझण

आषाढातली संध्याकाळ. पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं आणि मी पडवीत बॉनेटखाली टॉर्च धरून उभा होतो. इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, आत घातली, परत ओढली. टोकाला मधाच्या रंगाचं नवं ऑइल दिसायला हवं होतं. दिसली ती तिझण, नाचण्याची खीर. आई नारळाचा रस घालून करते अगदी तशी, करडी, दाट, बोटाला चिकटणारी. पातळीसुद्धा वरच्या खुणेपेक्षा दोन बोटं जास्त. दोनच दिवसांपूर्वी या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. पोटात खड्डा पडला.

गाडी बाबांची. १९९८ ची मारुती ८००, पांढरी, कार्ब्युरेटरवाली, जीए ०१ नंबरची. बाबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळांतून मास्तरकी करून निवृत्त झाले आणि पाच वर्षांपूर्वी गेले. पॉइंट साफ करायला, प्लगचा गॅप बघायला, क्लच वायर बदलायला त्यांनीच मला शिकवलं, याच पडवीत, याच गाडीवर. त्यामुळे ती भंगारात जाऊ द्यायची नाही हे माझं ठरलेलं आहे, आणि होईल तेवढं काम आपल्याच हाताने करायचं हेही.

मे महिन्यात मामाकडे बेळगावला निघालो होतो. केरी सोडली, अंजुणे धरण मागे पडलं, चोर्ला घाटाची चढण लागली आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप फाटला. माझं लक्ष काट्याकडे गेलं तेव्हा तो लाल रेषेला टेकून होता. गाडी थंड होऊ दिली, पाइपाला पट्टी गुंडाळली, बाटल्यांतलं पाणी ओतत ओतत परत फिरलो. घरी पोचेपर्यंत ती दोन सिलिंडरांवर चालल्यासारखी थरथरत होती. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि ही सगळी ओढाताण सोसायची ती मधल्या पातळ गॅस्केटने. हेड काढल्यावर दिसलं, दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी जळून काळी पडली होती.

हेड फोंड्याला लेथवर नेऊन फेस करून, म्हणजे सपाट करून, आणलं. नवं गॅस्केट, नवे होज पाइप, थर्मोस्टॅट, नवं ऑइल आणि फिल्टर. आजवर बाबा विहिरीचं पाणी घालत आले होते, मी पहिल्यांदाच हिरवा कूलंट भरला. हा हिरवा रंग पुढे कामाला आला. ठरलेला जोर लागला की टक् वाजणारा टॉर्क रेंच मित्राकडून आणला, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळले. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली, तिन्ही सिलिंडर गोड चालले. आई दारात येऊन ऐकत उभी राहिली. आणि दोन दिवसांनी ही तिझण.

सगळ्यात आधी किल्ली काढून घेतली आणि आईच्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. हे करायलाच हवं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि त्याच्या बेरिंगच्या मध्ये ऑइलची जी पातळ साय असते तिच्यावर अख्खं इंजिन तरंगत असतं. त्यात पाणी मिसळलं की साय फाटते आणि धातूवर धातू घासतो. कूलंटमधलं ग्लायकॉल तर ऑइलशी मिळून चिकट गाळ करतं, फिल्टर तुंबवतं, बेरिंगच्या शेलचा वरचा थर खातं. 'जरा चालवून बघू' म्हणून घातलेला एक फेरा गॅस्केटच्या कामाचं क्रँकचं काम करून ठेवतो.

मग शंका आली ती पावसाची. वाळपईकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, इथे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पावसाळ्यात गाडी फक्त दुकानापर्यंत नेऊन आणली तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ थंड टॅपेट कव्हरवर जमते आणि ऑइल कॅपच्या खाली पिवळसर साय धरते. ती पाहून घाबरून कित्येकांनी धडधाकट इंजिनं उघडली आहेत. पण ती साय वर असते, कॅपला आणि कव्हरला. डिपस्टिकच्या टोकाला, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी, तिझण आणि वर पातळी वाढलेली, याला पावसाळी हवा कारण नाही. तरी खात्री करून घेतली. जुना, स्वयंपाकातून बाद झालेला लोखंडी तवा तापवला आणि डिपस्टिकच्या टोकाचा एक थेंब त्यावर सोडला. निव्वळ ऑइल असतं तर नुसतं पसरून धुरावलं असतं. हा थेंब मोहरीसारखा तडतडला.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक काका राहतात. खाणीवर फिटर होते, टिपरांची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तसे ते घरी आले ते परत गेले नाहीत. मी त्यांच्या पडवीत जाऊन सगळं सांगितलं. गॅस्केट परत मागवू का, हेड परत लेथवर नेऊ का, विचारलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पुता, उदक आदलें काय नवें, तें पयलीं पळय."

पाणी जुनं की नवं. खरं म्हणजे सगळं निदान या एका प्रश्नात होतं. हेड उचलताना ब्लॉकमधलं पाणी ऑइलच्या वाटांतून खाली चेंबरात उतरू शकतं. ते तसंच राहिलं आणि वरून नवं ऑइल ओतलं, की गॅस्केट अगदी नीट बसलेलं असूनही डिपस्टिकवर तिझण येणार. हे जुनं पाणी. ते एकदा काढून टाकलं की संपलं. नवं पाणी म्हणजे आत्ता, या क्षणी, कुठून तरी झिरपतंय. आपण घरी काम केलेलं असतं तेव्हा या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि माणूस घाबरून सगळं परत उचकटतो किंवा उलट 'जुनंच असेल' म्हणून मनाचं समाधान करून गाडी पळवतो.

रात्रभर गाडी हलवली नाही. पाणी जड, ते खाली बसतं. सकाळी चेंबरचा बोल्ट अगदी हळू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. पहिली धार ऑइलची नव्हतीच. तांबूस, गंजाच्या रंगाचं पाणी, तळाला बारीक रेव. सातशे मिलीच्या वर भरलं, मग कुठे तिझण यायला लागली. तीन लिटरच्या आत ऑइल मावणारं इंजिन, त्यात एवढं पाणी.

रंग बघून माझा जीव भांड्यात पडला. तांबूस म्हणजे विहिरीचं, म्हणजे दुरुस्तीच्या आधीचं. आठवून पाहिलं तेव्हा चूकही सापडली. मी रेडिएटरचा नळ उघडला होता, थोडं पाणी आलं आणि थांबलं, मी धरून चाललो की संपलं. नळ गाळाने तुंबला होता. ऑइल आधीच काढून चेंबरचा बोल्ट परत लावून ठेवला होता. हेड उचललं तेव्हा ब्लॉक काठोकाठ भरलेला होता, पाणी सगळीकडे सांडलं आणि मी वरचा पृष्ठभाग तेवढा पुसला.

त्याच दुपारी मित्राने म्हापशाहून निळ्या द्रवाचं टेस्टर आणून दिलं. रेडिएटरच्या तोंडावर ठेवून आतली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर निळं पिवळं होतं. त्यासाठी गाडी चालवावी लागणार होती, म्हणून स्वस्तातलं ऑइल आणि नवा फिल्टर घालून दहा मिनिटं नुसती उभ्याउभ्या चालू ठेवली. निळं निळंच राहिलं. कॉम्प्रेशनही पाहिलं, तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे. मी आईला सांगितलं, झालं, जुनंच पाणी होतं.

माझी समजूत इथे चुकली होती, आणि हे नीट कळायला मला रात्र लागली. जळालेलं जुनं गॅस्केट समोर घेऊन बसलो. त्यात तीन प्रकारची भोकं असतात: मोठी तीन सिलिंडरांची, म्हणजे आगीची, त्यांच्या भोवती पाण्याची, आणि कडेला ऑइलची. त्याशिवाय बोल्टांची. आग आणि पाणी यांच्यामधली कड फाटली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज पाइप दगडासारखे टणक होतात, निळं पिवळं होतं. आग आणि आग यांच्यामधली फाटली तर शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन पडतं, घाटात माझं झालं होतं तसं. पण पाणी आणि ऑइल यांच्यामधली कड सुटली तर यातलं काही म्हणजे काहीच होत नाही. गाडी गोड चालते, सायलेन्सरमधून वाफ नाही, प्लग कोरडे, कॉम्प्रेशन सारखं, निळं निळं. फक्त कूलंट हळूहळू कमी होतो आणि ऑइल वाढतं. निळी परीक्षा आगीबद्दल सांगते. माझा प्रश्न पाण्याचा होता, आणि त्याबद्दल ती गप्पच राहणार.

दुसऱ्या दिवशी ऑइल किंचित धुरकट दिसलं. याचा अर्थ काहीही निघू शकतो, कारण पहिल्या तिझणीचा लेप आत सगळीकडे राहतोच, एका ऑइलमध्ये तो निघत नाही. म्हणून दुसऱ्यांदा ऑइल बदललं, कूलंटच्या बाटलीवर पातळीशी चिकटपट्टी लावली, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं आणि परत रात्रभर सोडून दिलं. सकाळी बोल्ट अर्धा आटा सैल केला. बोटावर पहिले जे थेंब आले ते हिरवे होते. दोन चमचे असतील, जास्त नाही. पण स्वच्छ हिरवे. बाटलीतला कूलंट पट्टीच्या खाली उतरला होता.

नवं पाणी.

मग काकांना घेऊन आलो. आता कुठून हे बघायचं होतं. त्यांच्याकडे रेडिएटरचं एक जुनं टोपण आहे, मध्ये भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. त्याला काटा असलेला पायपंप जोडायचा. माझ्या टोपणावर ०.९ लिहिलेलं, म्हणजे साधारण १३ पीएसआय. त्याच्या वर अजिबात जायचं नाही, नाहीतर हीटरची नाहीतर रेडिएटरची चांगली नळी आपणच फोडायची. इंजिन गार. १३ पर्यंत हवा भरली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासात काटा ९ वर. बाहेर कुठेही ओल नाही, हीटरच्या नळ्या चिमटून बंद केल्या तरी तसंच. प्लग काढून आत टॉर्च मारला, पिस्टनची डोकी कोरडी.

गाडी स्टँडवर चढवली, ऑइल काढलं, चेंबर उतरवला. खाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि परत १३ ची हवा भरून मी चटईवर उताणा पडलो. वीस मिनिटं काही नाही. डोळ्यांसमोर क्रँक, काउंटरवेट, त्यावरून निथळणारं ऑइल. मग तिसऱ्या सिलिंडरच्या अंगाला, ब्लॉकच्या भिंतीत ऑइल खाली यायची जी वाट आहे तिच्या ओठाशी काहीतरी चमकलं. थेंब हळूहळू फुगला, त्यात टॉर्चचा उजेड हिरवा झाला, आणि तो पुठ्ठ्यावर टप्पकन पडला. नंतर मिनिटाला एक. थेंब सिलिंडरच्या बुडातून आला असता तर ब्लॉकला तडा, म्हणजे सगळंच संपलं. ऑइलच्या वाटेने आला, म्हणजे वर, हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यात. मी तिथेच पडल्या पडल्या देवाला हात जोडले.

काका म्हणाले, तुझ्या गाडीत हा एवढाच रस्ता आहे म्हणून थेट हेडकडे जायचं. ज्या गाड्यांना पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर असतो, आणि पुष्कळ डिझेल गाड्यांना तो असतो, तिथे आधी कूलर तपासायचा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा बराच जास्त, म्हणून कूलर फुटला की आधी ऑइल कूलंटमध्ये जातं आणि बाटलीत साय दिसते. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्य, पण तापलेल्या पाण्याचा दाब अजून टिकून, तेव्हा पाणी ऑइलमध्ये शिरतं. त्यांच्या टिपरांसारख्या, ज्यांचे लायनर, म्हणजे सिलिंडरचे सुटे नळे, पाण्यातच उभे असतात, त्या इंजिनांत लायनरच्या बुडाची रबरी रिंग गेली तरी हेच. तिथे हेड काढून काही हाती लागत नाही.

या वेळी रेडिएटरचा खालचा होज पाइप सोडून सगळं पाणी घमेल्यात धरलं. घमेलं लगेच झाकलं, कारण कूलंट चवीला गोड लागतो आणि कुत्र्यामांजरांसाठी तो विष आहे. आमच्या वाड्यावरचा मोत्या प्रत्येक भांड्यात तोंड घालतो. हीच काळजी काळ्या तेलाची. आमच्या परसातलं पाणी व्हाळातून शेवटी म्हादईला मिळतं, म्हणून एक थेंबही बाहेर ओतला नाही, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं.

हेड काढलं. स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून फिलर गेज घातला, ०.०५ मिमीचं पातं कुठेही आत जाईना. हेड सरळ, ब्लॉकही सरळ. गॅस्केट मात्र बोलत होतं. सगळीकडे दाबाने त्याचा थर निस्तेज झालेला, फक्त गिअरबॉक्सकडच्या एका कोपऱ्यात, शेवटच्या बोल्टाच्या आसपास, नव्यासारखी चकाकी. तिथे हेड कधी नीट दाबलंच गेलं नव्हतं. आणि त्या बोल्टावर टॉर्क रेंच टक् वाजलेला मी माझ्या कानांनी ऐकला होता.

काकांनी सायकलचा स्पोक मागितला. एकेका बोल्टाच्या भोकात तो उभा सोडायचा आणि नखाने खूण धरायची. सगळी भोकं सारखी खोल, या एका भोकात स्पोक सहा मिमी वरच थांबला. मी इंजेक्शनची सिरिंज आत घातली आणि ओढली. दीड-दोन मिली तांबूस पाणी आलं, मग करडा चिखल. भोक बंद बुडाचं. बोल्ट आवळताना खाली अडकलेल्या पाण्याला जायला जागा नाही, पाणी दाबलं जात नाही, म्हणून बोल्ट हेडला धरायच्या आधीच पाण्यावर टेकला. रेंचला फक्त जोर कळतो, तो कुठे लागला ते कळत नाही. कधीकधी याच जोराने ब्लॉकला तडा जातो. आम्ही टॉर्च लावून, भोक कोरडं करून, बराच वेळ शोधलं. तडा नव्हता.

म्हणजे जुनं पाणी आणि नवं पाणी हे वेगळे दोन अपघात नव्हतेच. हेड उचलताना सांडलेलं तेच विहिरीचं पाणी, थोडं चेंबरात गेलं आणि तिझण झाली, आणि त्यातलंच दोन मिली एका भोकात बसून राहिलं आणि त्याने हिरव्याला वाट करून दिली.

पुढचं काम सरळ होतं. प्रत्येक भोकात आटे साफ करायचा टॅप हाताने फिरवला, सिरिंजने आणि हवेने कोरडं केलं, स्पोकने परत मोजलं. नवे बोल्ट, आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा एकेक थेंब, नवं गॅस्केट. चेंबर उघडाच होता म्हणून काकांनी एका कनेक्टिंग रॉडची कॅप सोडून बेरिंगचं शेल उजेडात धरलं. बारीक रेघा होत्या, नख अडकत नव्हतं. ते म्हणाले चालेल, आणि त्यांच्या शब्दावर मी ते परत बसवलं. दाबाची परीक्षा पुन्हा, या वेळी सुरू करण्याच्या आधी: १३ ची हवा, एक तास, काटा १३ वर. मग स्वस्तातल्या ऑइलने दोनदा धुतलं आणि तिसऱ्यांदा चांगलं भरलं.

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या मंडपीचं, सगळं सामान, नारळांचा घड, सुपारीचे घोस, कांगलां, याच गाडीतून आणलं. आता चौदाशे किलोमीटर झाले. चिकटपट्टी बाटलीवर अजून आहे आणि कूलंट तिच्या रेषेला. काल वाळपईहून पावसातून घरी आलो, सवयीने ऑइल कॅप उघडली. खाली बोटभर पिवळी साय. डिपस्टिक ओढली, ती स्वच्छ. साय फडक्याने पुसली आणि कॅप लावली.